वाचकांचे प्रश्न: स्टंपमागे उभ्या राहणाऱ्या मुली

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला. तेव्हापासून बडोद्यातल्या वाचकांची कीपिंगबद्दलची पत्रं सतत येत आहेत. त्यातली सहा या अंकात घेतली आहेत. उत्तरं कमी-जास्त लांबीची आहेत, कारण काही गोष्टी चार ओळींत सांगून समजत नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची. शिबिरात तिला कीपर केलंय. घरचे म्हणतात, बोलिंग जमत नाही म्हणून मागे उभी केली. यात पुढे काही आहे का? (एक आई, दांडिया बाजार)

घरच्यांची ही समजूत आधी काढून टाका. पन्नास षटकांच्या डावात ३०० चेंडू पडतात, आणि त्या प्रत्येक चेंडूला तयार बसावं लागतं असं मैदानात कीपरखेरीज कुणी नसतं. चेंडू शेवटपर्यंत पाहणारी, बॅट फिरली तरी डोळे न मिटणारी मुलगी दिसली की जाणता कोच तिला तिथे उभी करतो. तुमच्या मुलीत काय पाहिलं, ते कोचना सरळ विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

पुढे काय, याचं उत्तर मात्र स्पष्ट ऐका. संघात कीपरची जागा एकच असते, म्हणून बॅटिंगशिवाय गाडी पुढे जात नाही. आपल्या बडोद्याच्या यास्तिका भाटियाचंच पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅके इथे तिचं आणि रिचा घोषचं एकदिवसीय पदार्पण एकाच सामन्यात झालं. दोघी कीपर. ग्लव्ज रिचाकडे गेले आणि यास्तिका निव्वळ बॅटर म्हणून खेळली. त्याच मालिकेत तिने केलेल्या ६४ धावांच्या जोरावर भारताने ऑस्ट्रेलियाची सलग २६ विजयांची मालिका तोडली. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई इंडियन्सने तिला दीड कोटीला घेतलं, तिथे ती सलामीला आली, कीपिंगही केलं, आणि पहिल्याच वर्षी तो संघ जिंकला. ग्लव्ज नसतानाही संघात राहता आलं ते बॅटमुळे.

उलट बाजूही सांगायला हवी. २०२५ च्या विश्वचषकाआधी सराव शिबिरात यास्तिकाचा गुडघा दुखावला आणि तिच्या जागी आसामची उमा छेत्री आली. स्पर्धेत रिचाच्या बोटाला लागलं, तेव्हा बांगलादेशविरुद्ध उमाला एकदिवसीय पदार्पण मिळालं. दुसऱ्या क्रमांकाच्या कीपरची कारकीर्द अशीच असते: महिनोन्‌महिने वाट पाहायची आणि एका सकाळी तयार असायचं.

बॅटिंगची जागा कुठलीही असू शकते. ऑस्ट्रेलियाची अलिसा हिली सलामीला यायची, २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने १७० केल्या. रिचा खाली येते, २०२५ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आठव्या क्रमांकावर ७७ चेंडूंत ९४. कोटंबीच्या मैदानावर १४ फेब्रुवारी २०२५ ला गुजरात जायंट्सच्या २०१ धावांचा पाठलाग करताना तिने २७ चेंडूंत नाबाद ६४ केल्या, ते बडोद्यातल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून अकराव्या वर्षी तुमच्या मुलीच्या सरावाचा निम्मा वेळ बॅटला द्या. पैशाची शंका असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून भारतीय महिला संघाला सामन्याचं मानधन पुरुषांइतकंच आहे: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-ट्वेंटीला ३. तिथवर पोचणाऱ्या मुली मात्र मूठभर, हे लक्षात ठेवून तिची शाळा सांभाळा.

प्रश्न: मी चौदा वर्षांची आहे. फास्ट बोलिंगला मागे उभी राहते तेव्हा सगळं हातात येतं. स्पिनला स्टंपजवळ गेले की चेंडू ग्लव्जला लागून सुटतो, बाय जातात, स्टंपिंग हुकतं. कोच म्हणतात ‘लवकर उठतेस’. म्हणजे नक्की काय? (कारेलीबाग)

तुझे कोच बरोबर सांगताहेत, आणि हा दोष जवळजवळ प्रत्येक कीपरमध्ये असतो. घडतं असं: स्पिनरच्या हातून चेंडू सुटला की आपलं शरीर घाईने वर येतं. टप्पा पडेपर्यंत तू निम्मी उभी. चेंडू खाली राहिला तर आता हात खाली न्यावे लागतात, आणि खाली जाणारा हात वर येणाऱ्या चेंडूला भेटला की टक्कर होते. चेंडू उडून बाहेर. खाली बसलेल्या कीपरला चेंडूबरोबर वर यायचं असतं. वर येणं सोपं असतं, वरून खाली जाणं अवघड, आणि टप्प्यापासून ग्लव्जपर्यंत तुला मिळतो सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा.

बसण्यापासून सुरुवात कर. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त रुंद, वजन चवड्यांवर, टाचा जमिनीला जेमतेम टेकलेल्या. ग्लव्जची पाठ जमिनीला लागलेली, तळवे बोलरकडे उघडे, बोटं खाली. हाताची कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला मोकळी. मांडीवर टेकवलीस तर हात अडकतात. उजव्या हाताच्या बॅटरला डावा पाय साधारण मधल्या आणि ऑफ स्टंपच्या रेषेत ठेव, म्हणजे बॅटरच्या अंगाआडून नव्हे, बाहेरून चेंडू दिसेल. अंतर इतकंच की पाय न हलवता हात पुढे नेऊन बेल उडवता यावी. बऱ्याच मुली चेंडू लागेल या भीतीने एक वीत मागे सरकतात. मग चेंडू घेतल्यावर स्टंपपर्यंत पाऊल टाकावं लागतं, आणि तेवढ्यात बॅटरचा पाय परत क्रीजमध्ये येतो.

आता उठण्याचा सराव. घराच्या भिंतीसमोर तीन मीटरवर बस, टेनिस बॉल खालून भिंतीवर मार, एक टप्पा पडून परत येऊ दे. २५-२५ चे चार सेट, रोज. पहिले दोन सेट ग्लव्ज न घालता, नुसत्या हातांनी: चेंडू कुठे लागतो ते तळव्याला कळतं. तो करंगळीच्या आणि अनामिकेच्या मुळाशी, तळव्याच्या मऊ भागात यायला हवा. बोटांच्या टोकांना लागत असेल तर हात चेंडूकडे ढकलतेस असं समज. घेताना हात किंचित मागे द्यायचे, पण एका वितेपेक्षा जास्त नाही, कारण तिथूनच ते बेलकडे जायचे आहेत.

मैदानावर एक दोरीचा प्रयोग कर. दोन उभ्या स्टंपना काठ्या बांधून, तू बसलीस की डोक्याच्या चार बोटं वर येईल अशी दोरी आडवी ताण. टप्पा पडण्याआधी डोकं दोरीला लागलं की तो चेंडू चुकला असं मोजायचं, हातात आला तरी. शिवाय मैत्रिणीला बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपायला सांग. टप्पा पडतो त्या चित्राशी थांबव. कंबर अजून खालीच असेल तर ठीक. दहा चेंडूंत सात ठीक आले की मग चेंडूचा वेग वाढव, त्याआधी नाही.

तिसरा टप्पा म्हणजे बॅट. स्टंपसमोर एक मुलगी उभी करून तिला प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवायला सांग, पण चेंडू सोडून. खरी भीती इथे आहे: बॅट फिरली की डोळे मिटतात किंवा मान वळते. चेंडू बॅटला लागणारच नाही असं गृहीत धरून प्रत्येक चेंडू आपल्याकडे येतोय असंच बसायचं. डोक्यावर हेल्मेट हवंच. १ जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यात स्टंपला लागून उभ्या राहणाऱ्या कीपरला हेल्मेट सक्तीचं आहे. तुझ्या नेटमध्ये ते का नसावं?

लेग साइडचा चेंडू सर्वात शेवटी शीक. तो क्षणभर बॅटरच्या अंगामागे दिसेनासा होतो. चूक होते ती अंदाजाने आधीच पळण्याची. लाइन दिसेपर्यंत थांब, मग डावा पाय क्रीजला समांतर टाक. मागे टाकलास तर स्टंप हातांपासून लांब जातात. वजनाचा काही भाग उजव्या पायावर राहू दे, म्हणजे चेंडू घेतल्यावर हात झुलत बेलवर येतील. बेल एकच पडली तरी पुरते. तिन्ही स्टंप उखडायला गेलीस तर वेळ जातो आणि चेंडूही सुटतो.

स्पिनवरचं कीपिंग किती मोलाचं असतं, ते आपल्या गावाने पाहिलेलं आहे. जानेवारी १९८८ मध्ये चेन्नईत वेस्ट इंडिजविरुद्ध नरेंद्र हिरवाणी लेगस्पिन टाकत होते आणि मागे आपले किरण मोरे होते. एका कसोटीत सहा स्टंपिंग, त्यातली पाच एकाच डावात. महिला क्रिकेटमध्ये भारताच्या अंजू जैन यांची एकदिवसीय सामन्यांत ५१ स्टंपिंग आहेत, आणि इंग्लंडच्या सारा टेलरची टी-ट्वेंटीत ५१. साराची जुनी चित्रफीत मिळाली तर फक्त तिची कंबर पाहा. चेंडूचा टप्पा पडेपर्यंत ती हलत नाही.

एक राहिलं: सराव कुठल्या चेंडूने करतेस? मुलांबरोबर नेटला जात असशील तर त्यांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. महिलांचा १४० ते १५१, आणि घेरानेही लहान. वजनदार चेंडूने हात कडक होतात आणि तीच सवय सामन्यात नडते. स्वतःचा चेंडू पिशवीत ठेव.

प्रश्न: मुलीसाठी नवे ग्लव्ज आणले. स्थानिक सामन्यात अंपायरनी अंगठ्याजवळची जाळी पाहून हरकत घेतली. नियम काय आहे? आणि पावसाळ्यात ग्लव्जना बुरशी येते, त्याचं काय? (एक वडील, मांजलपूर)

अंपायरनी पाहिलं ते योग्यच केलं. क्रिकेटच्या नियम २७ प्रमाणे जाळी फक्त अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये असू शकते, इतर बोटांमध्ये अजिबात नाही. ती न ताणणाऱ्या एकाच तुकड्याची हवी. तिची वरची कड अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतच्या सरळ रेषेच्या बाहेर जाता कामा नये, आणि ग्लव्ज घालून अंगठा पूर्ण ताणला की जाळी ताठ व्हायला हवी. ती झोळीसारखी लोंबली तर ग्लव्ज नियमात बसत नाही. दुकानातच हातात घालून, अंगठा ताणून पाहा.

माप घेताना मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठे घेऊ नका. बोटाच्या टोकाशी एक सेंटिमीटरहून जास्त जागा राहिली की चेंडू त्या पोकळ टोकाला लागून बोट मागे वाकतं. आत सुती इनर (पातळ आतले मोजे) घालायचे, आणि मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात एका सामन्याला दोन-तीन जोड हवेत. घामाने भिजलेल्या इनरमध्ये हात फिरतो. तळव्याचं रबर गुळगुळीत झालं की तो ग्लव्ज सरावाला लावा आणि सामन्यासाठी दुसरा जोड ठेवा. नवा जोड थेट सामन्यात घालू नका, आधी सरावात निदान पाचशे-सहाशे चेंडू घेऊन मऊ करा.

बुरशीचं कारण एकच: ओले ग्लव्ज बंद किटमध्ये राहतात. घरी आल्याबरोबर बाहेर काढा, ओल्या फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, पंख्याखाली सावलीत ठेवा. दोन तासांनी बोळे बदला. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेत तर रबर टणक होतं आणि चेंडू उसळून जातो. बुरशी आलीच तर कोरड्या ब्रशने झाडून, व्हिनेगर आणि पाणी समभाग करून फडक्याने पुसा, आणि पुन्हा सावलीत.

प्रश्न: कीपिंग करताना मुलीच्या बोटाचं टोक खाली वाकलं, ते सरळ होत नाही. ओळखीतले म्हणतात ओढून बसवून घ्या. शिवाय गुडघे दुखतात असंही ती म्हणते. (एक आई, वारसिया)

बोट कुणालाही ओढू देऊ नका. चेंडू टोकावर आदळला की शेवटच्या सांध्याच्या पाठीवरचा स्नायुरज्जू (टेंडन) तुटतो, कधी हाडाचा कपचा निघतो. म्हणून आधी एक्स-रे, आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे. नेहमीचा उपचार साधा आहे: टोक सरळ ठेवणारी छोटी पट्टी, सहा ते आठ आठवडे, दिवसरात्र. मधला सांधा मोकळा हलत राहायला हवा. गोची इथे होते: आंघोळीला किंवा हात धुताना पट्टी काढली आणि टोक एकदा खाली पडलं, तर आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. धुताना बोट टेबलावर सपाट टेकवूनच पट्टी बदला. ग्लव्ज परत कधी घालायचे ते डॉक्टर ठरवतील, आगामी सामन्याची तारीख नव्हे.

परत लागू नये म्हणून कारण शोधा. बोटं बोलरकडे रोखलेली असली की हे होतं. कमरेखालच्या चेंडूला बोटं खाली, छातीवरच्या चेंडूला वर, आणि मधल्या उंचीला अंग बाजूला नेऊन बोटं आडवी.

गुडघ्यांबद्दल: दुखणं पुढच्या बाजूला असेल तर घोटा आखडलेला असू शकतो. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगा. पायाचा अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर असताना गुडघा टेकला पाहिजे. टेकत नसेल तर बसताना सगळा भार गुडघ्यावर येतो. पोटरी ताणण्याचा व्यायाम रोज द्या. आठवड्यात दोनदा मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचा आणि नितंबांचा ताकदीचा व्यायाम हवा. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा पुष्कळ जास्त असतं, त्यामुळे उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का, तेही पाहा. पूर्ण बसून घेतलेले शंभर-सव्वाशे चेंडू दिवसाला पुरे. गुडघा सुजला, अडकला किंवा पाय अचानक सुटला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे.

प्रश्न: टीव्हीवर पाहताना नातीशी वाद होतो. बॅट रेषेवर असली तर आउट का? वाइडवर स्टंपिंग होतं का? (एक आजोबा, रावपुरा)

आजोबा, रेषा कीपरची. पॉपिंग क्रीजची, म्हणजे स्टंपसमोरच्या रेषेची, आतली कड ही हद्द; बॅट किंवा पाय तिच्या आत टेकलेला हवा, नुसता रेषेवर असून चालत नाही. वाइडवर स्टंपिंग होतं, नो-बॉलवर होत नाही. मात्र चेंडू बॅटला किंवा अंगाला लागण्याआधी, किंवा स्टंप पार करण्याआधी कीपरचा ग्लव्ज स्टंपच्या पुढे आला, तर अंपायर नो-बॉल देतात आणि स्टंपिंग गेलं. बॅटर धाव घ्यायला निघाला असेल तर ही अट नाही. आणखी एक, कदाचित नातीलाही नवं असेल: जानेवारी २०२४ पासून स्टंपिंगसाठी तिसऱ्या अंपायरकडे गेलं तर ते फक्त बाजूचा कॅमेरा पाहतात. बॅटची कड लागली का, हे हवं असेल तर संघाला वेगळा रिव्ह्यू घ्यावा लागतो.

प्रश्न: बडोद्याकडून खेळायचं तर कीपरने ट्रायलला काय करावं? (फतेगंज)

महिलांचे गट १५ वर्षांखालील, १९, २३ आणि वरिष्ठ असे आहेत. जन्मदाखला, आधार आणि शाळेचे दाखले यांत नाव आणि तारीख तंतोतंत जुळते का ते आधीच तपासा. एका अक्षराचा फरकही अडवतो. १५ खालच्या मुलींची डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वयाची तपासणी होते. काहींची हाडं वयाआधी पक्की होतात आणि त्या गटाबाहेर जातात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कागद खोटे ठरत नाहीत. १९ खालच्या गटाची तयारी सुरू करायची. त्या गटाचा विश्वचषक २०२३ मध्ये सुरू झाला, भारताने तो पहिल्यांदा आणि पुन्हा २०२५ मध्येही जिंकला. पहिल्या वेळी मागे रिचा होती, दुसऱ्या वेळी जी. कमलिनी.

ट्रायलला निवडकर्त्यांसमोर कीपरला थोडेच चेंडू मिळतात. फॉर्मवर ‘कीपर-बॅटर’ असं लिहा आणि बॅटिंगचा क्रमांकही लिहा. स्पिन नेटमध्ये स्टंपला लागून उभं राहू द्या अशी विनंती करा. मागे उभं राहून घेतलेल्या कॅचेसवरून निवडकर्त्यांना फार काही कळत नाही. आधी दहा मिनिटं कोपऱ्यात भिंतीवर चेंडू मारून हात गरम करा. एखादा सुटला तर पुढच्या चेंडूआधी पाय पुन्हा जागेवर ठेवून, ग्लव्ज जमिनीला टेकवून बसा. सुटल्यानंतरचा चेंडू मुलगी कसा घेते, हे तिथे बसलेले जाणकार मुद्दाम पाहतात.